तडीपार सोमारी

मी पहिलेच सांगून ठेवतो, मी चिडका माणूस हाये. घाटावरच्या बाया म्हणतेत, लच्छूच्या डोंग्यात बसाचं तं कानात बोळे घालून बसाचं. म्हणू द्या. वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्याचं गोड बोलून भागत नाई. कोणी काठावर उभं राहून मोबाईलवर बोलत राह्यते, बाकीचे लोक उन्हात बसले हायेत याची त्याले फिकीर नाई. कोणी बकरी घेऊन येते अन् अर्ध्या पाण्यात गेल्यावर म्हणते, लच्छूभाऊ, माही पिशवी काठावरच राह्यली. अशा माणसावर चिडाचं नाई तं काय त्याची आरती ओवाळाची?

पण सोमारीचं नाव निघालं की जी चीड येते ती वेगळी हाये. ती उतरतच नाई. जेवताना येते, जाळं विणताना येते, आडवं पडलो तं झोपू देत नाई.

आमच्या घाटाचा अलीकडला काठ गडचिरोली जिल्ह्यात, पलीकडला चांद्यात. तुम्ही चंद्रपूर म्हणता, आम्ही चांदाच म्हणतो. मधात नदी. सरकारच्या नकाशात म्हणे नदीच्या मधोमध जिल्ह्याची रेघ हाये. मी सारा जनम या पाण्यावर घालवला, मले ती रेघ दिसली नाई.

मागच्या साली पोळा झाला अन् सोमारीले अलीकडून पलीकडं हाकललं. एक वर्ष गडचिरोली जिल्ह्यात पाय ठेवाचा नाई, ठेवला तं जेल. तडीपार म्हणतेत त्याले. आता तडीपार कोण होते हे तुमाले मालूम हाये. पेपरात फोटो येतेत, गळ्यात जाडजूड चेन, पाठीमागं वाढदिवसाचं बॅनर, नावाच्या मधात टोपणनाव. अन् ही सोमारी कोण, तं साठीकडं झुकलेली गोंडाची बाई, अंगात धानाच्या अर्ध्या पोत्याइतकं वजन, पायात कधी चप्पल नाई. कोणी जोरात बोललं तं ही तिथून उठून मोहाखालचा पालापाचोळा गोळा कराले निघून जाते. या बाईची म्हणे लोकाइले दहशत वाटते. तसं कागदावर लेहलेलं होतं.

सोमारी एटापल्लीकडून लग्न होऊन आमच्या काठावरच्या टोल्यात, म्हणजे गोंडाच्या वस्तीत आली तवा तिले मराठीचा एक शब्द येत नव्हता. चारोळी अन् मोहफूल घेऊन पलीकडच्या बाजाराले ती माह्याच डोंग्यातून जाये, अन् मराठी शिकली तीबी डोंग्यातच. मी शिकवली म्हणून शिव्या पहिले शिकली. तिचा मालक झिंगू माहा दोस्त. तो अन् ती म्हणजे दोन टोकं. झिंगू एकदा बसला की बसला. गळ टाकून दिवस दिवस पाण्याकडं पाहत राहे, मासा लागला तरी त्याले उठाचा कंटाळा. अन् सोमारीचा पाय एका जागी ठरला तं शपथ. फटफटलं की मोह वेचाले, ऊन चढलं की तेंदूपानाले, तिथून आली की धानाच्या बांधीत, बांधीतून घरी, घरून पुन्हा माह्या डोंग्यापाशी. काऊन आली विचारलं तं म्हणे, सहज आली. झिंगू म्हणे, लच्छू, हिले बांधून ठेवाले तुही दोरी दे ना बे. ती हासे अन् निघून जाये.

टोल्यात एक रीत हाये. मोहाची दारू कोणाच्याबी घरी गळो, लग्नाले, बारशाले, मयतीले, पहिले ती थोडी जमिनीवर सोडाची, पेनाले, म्हणजे त्याइच्या देवाले अन् मेलेल्या बापजाद्याले. तोवर कोणी ओठाले लावाची नाई. अन् ही सोडणारी बाई म्हणजे सोमारी. तिच्या सासूनं मरताना तो मान तिले देला होता. ज्या मडक्यातून तिनं देवाले देलं ते मडकं तिचं, असं टोल्यात मानतेत. दारू तिची नाई, पैसा तिचा नाई, पण देवासमोर जबाबदारी तिची. उद्या देवानं विचारलं की मी कोणाच्या मडक्यातलं पेलो, तं सोमारीनं म्हणाचं, माह्या.

देव विचाराले आला नाई. पोलीस आले.

गडचिरोलीत दारूबंदी हाये, लय जुनी. त्या बंदीले मी नाव ठेवत नाई, माहा सख्खा भाऊ दारूनंच गेला. पण धाड पडली की जमादार मडकं काठीनं ठोकून विचारे, कोणाचं हाये हे? सारा टोला आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहे. अन् सोमारी पुढं येऊन म्हणे, माहं हाये. मी किती डोकं फोडलं तिच्यापुढं. म्हटलं, सोमारीबाई, पोलीस म्हणजे तुहा देव हाये का? ती म्हणे, भाऊ, देवासमोर माहं म्हणाचं अन् माणसासमोर नाई म्हणाचं, तं मी देवालेच खोटं पाडलं ना. पंचनामा होये, अंगठा लागे, कोर्टातबी ती हव म्हणे, दंड भरे अन् सांजच्याले घरी. अशा केसा तिच्या नावावर चढत गेल्या.

हे सुनिलच्या ध्यानात आलं. सुनिल टोल्यातला नाई, रोडवरच्या गावातला. नाल्याच्या झाडीत त्याचे मोहाच्या सडव्याचे, म्हणजे दारूसाठी सडवलेल्या मोहाचे ड्रम, मोटरसायकलवर त्याचे कॅन, पार तालुक्यापर्यंत त्याचा माल जाये. एक दिवस तोबी सोमारीच्या दारात येऊन उभा. म्हणे, आत्या, माह्याबी मालातलं देवाले सोडून दे ना, बरकत येईल. झिंगू म्हणाला, जाऊ नको. पण देवाच्या नावानं कोणी बोलावलं अन् जाचं नाई, हे तिले जमतच नव्हतं. गेली. मंग नाल्यावर धाड पडली. सुनिल पसार. पोलीस टोल्यात येऊन विचाराले लागले, ड्रम कोणाचे, अन् ही आपली हातातलं सूप खाली ठेवून म्हणते, माहे हायेत. एवढे ड्रम ही बाई उचलन तरी कशी, हे कोणीच विचारलं नाई. कागदाले नाव पायजे होतं, ते भेटलं.

आता अन्नपूर्णाबाईचं सांगतो, कारण लोक तिलेच दोष देतेत अन् ते खोटं हाये. अन्नपूर्णाबाई रोडवरच्या गावातली, शेतकऱ्याघरची, महिला दारूबंदी समितीची अध्यक्ष. तिचा मालक रक्ताच्या उलट्या करत गेला, माह्याच डोंग्यातून त्याले पलीकडच्या दवाखान्यात नेलं होतं. ती बाई पोळ्याच्या पहिले गावातल्या बाया घेऊन ठाण्यावर गेली अन् ठाणेदाराले म्हणाली, सुनिलले तडीपार करा, त्याच्यापायी आमची लेकरं बिघडून राह्यली. ठाणेदार म्हणे, करतो. वरूनबी त्याइले दट्ट्या होता की तडीपारीचे प्रस्ताव पाठवा. मंग रेकॉर्ड काढलं. सुनिलच्या नावावर एक केस नाई. सोमारीच्या नावावर ढीग.

झालं. नोटीस आली. झिंगू तवा वारून थोडेच दिवस झाले होते. रोवणीच्या दिवसात ताप आला अन् बसल्या जागीच गेला. म्हणून सोमारीसंग एसडीओ साहेबाच्या हापिसात मी गेलो. साहेब काही वाईट माणूस नव्हता. तिले खुर्ची देली. विचारलं, "या केसेस तुमच्याच ना?" ती म्हणे, "हव." साहेब म्हणे, "लोक तुम्हाला घाबरतात, तुमच्याविरुद्ध उघड बोलायला तयार नाहीत. दोन साक्षीदारांनी तसं सांगितलंय."

मी म्हटलं, "कोण हायेत साहेब ते? नाव तं सांगा."

"नावं गुप्त असतात. जिवाच्या भीतीनं त्यांनी बंद खोलीत जबाब दिलाय."

मी हासलो. आवरलंच नाई मले. सोमारीपासून जिवाची भीती. टोल्यातले कुत्रे तिच्या भाकरीवर पोसलेले, अन् माणसाइले भीती. साहेबानं मले बाहेर काढलं. म्हणून पुढं काय झालं ते मले मालूम नाई, पण ती लवकरच बाहेर आली, अंगठ्याले शाई लागलेली. चोरावर खटला चालते, खुन्यावर चालते, साक्षीदाराले समोर उभं करून उलटे सवाल होतेत. हिच्यावर खटलाच नाई. मी बाबूले विचारलं तं तो म्हणे, अहो ही शिक्षा नाहीये काका, हा नुसता बंदोबस्त आहे. घर सोड, बांधी सोड, मालकाची राख सोड, अन् ही शिक्षा नाई म्हणते.

अन्नपूर्णाबाईले कळलं तवा ती ठाण्यात धावत गेली. म्हणे, आम्ही सुनिलचं नाव देलं होतं. तिथी तिले सांगतलं, बाई, कारवाई पाहिजे होती, झाली ना कारवाई? पेपरात समितीचा फोटो आला, महिलांच्या लढ्याला यश म्हणून. तिनं तो पेपर माह्यासमोर चुलीत घातला. तवापासून ती बाई माह्या डोंग्यात बसली की पाण्याकडं पाहत राह्यते.

पलीकडं गेल्यावर सोमारीले तिची पोरगी दुर्गा राजुऱ्याले घेऊन गेली. जावई खाणीत ठेकेदाराकडं कामाले, दोन खोल्या, सारं नीट. पण ही तिथी ठरली नाई. थोड्याच दिवसात पुन्हा पलीकडच्या घाटावर हजर. म्हणे, तिथून नदी दिसत नाई. मंग घाटाजवळच्या रोडवर एक बार अन् ढाबा हाये, तिथी मागच्या बाजूले तिले काम लागलं, गिलास धुवाचं. चांद्यातली दारूबंदी उठून आता बरेच दिवस झाले. म्हणजे पाहा, देवाले मोहाचे चार थेंब सोडते म्हणून जिले हाकललं, ती सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी दारूचे गिलास धुते, अन् ते कायद्यात बसते. नदीच्या या बाजूले ती गुंड, त्या बाजूले कामवाली. मी हे ज्याले त्याले सांगतो. लोक म्हणतेत, खरं हाये लच्छूभाऊ, अन् उतरून चालले जातेत.

तिचं पाणी पाहणं मले पाहवत नव्हतं. माहा डोंगा दिसला की ती साबणाच्या हातानं पळत घाटावर येई, डोंगा काठाले लागाच्या पहिलेच गुडघाभर पाण्यात. घराच्या छपराचं कवेलू कोणी चाळलं? माह्या मोहाखाली कोण जाऊन राह्यलं? बकरी व्याली का? मी उत्तर देईपर्यंत दुसरा सवाल. अन् साऱ्याइच्या शेवटी, दुसरीकडं पाहत, हळूच, "झिंगूचं काय ठरलं?"

तो एकच सवाल खरा होता, बाकीचे नुसते त्याच्याभोवती फिरत.

टोल्यात माणूस मेला की लगेच देवात जात नाई. तो बाहेर राह्यते. घराभोवती, वाटेवर, झाडाखाली, उपाशी. फागुनात, मोह फुलाच्या पहिले, त्या सालचे सारे मेलेले एकदम देवात बसवतेत. ज्याचा त्याचा दगड उभा करतेत, अन् मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं आपल्या हातानं त्याले मोहाची पाजली की तो बसते. झिंगूले सोमारीनंच बसवाचं होतं. तिनं नाई बसवलं तं तो पुढच्या फागुनापर्यंत बाहेर. तोवर ती राह्यली का मेली, कोणाले मालूम?

"तो बसणारा माणूस होता भाऊ," ती मले म्हणे. "त्याले उभं राहणं जमत नाई. पाय दुखत असंन त्याचे."

मी तिच्यावरच खेकसलो, डोंग्यापासून हट म्हणून.

तडीपार माणसाले एखाद्या दिवसासाठी परवानगी काढून घरी येता येते, असं संघप्रिया मॅडमनं सांगतलं. मॅडम म्हणजे सरकारनं गरिबाइले देलेली वकील, पोरीसारखी पोर, पण पक्की. अन्नपूर्णाबाईनंच तिले शोधून काढलं. अर्ज केला, त्यात लेहलं की पतीच्या अंत्यविधीसाठी एक दिवस. अन्नपूर्णाबाईनं समितीतर्फे खाली सही केली की आमची हरकत नाई. मी दर दोनचार दिवसाले तालुक्याले चक्कर मारी. साहेब दौऱ्यावर हायेत. साहेब मीटिंगमध्ये हायेत. साहेबाची बदली झाली, नवे साहेब येऊन वाचतीन. विचाराधीन हाये. मार्कंड्याची जत्रा भरली अन् उठली, जत्रेच्या गर्दीत मले श्वास घ्याले फुरसत नव्हती, तरी मी जाऊन आलो. विचाराधीन.

टोल्याचा भूमक, म्हणजे पूजा करणारा, सुकलूबाबा. त्याले म्हटलं, बाबा, दिवस पुढं ढकल. तो म्हणे, मोहाले कळ्या लागल्या, पाहुणे एटापल्लीहून निघाले, अन् झिंगू एकटा नाई, त्याच्यासंग चार घरचे मेलेले बसाचे हायेत. त्याइले बाहेर ठेवू का एका कागदासाठी?

आदल्या दिवशी दुपारी सोमारीनं मले विचारलं, "उद्या नेशील?" मी म्हटलं, "नाई. माहा डोंगा जप्त करतीन, मले आत टाकतीन, माह्या घरी खाणारे हायेत." तिनं मान हलवली. रागावली नाई, रडली नाई, काही नाई. गिलास धुवाले निघून गेली. तिनं दोन शिव्या देल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी टोल्यात ढोल वाजाले लागला. मी डोंगा घेऊन पाण्यातच होतो. पाहतो तं सोमारी लुगडं वर खोचून नदीत उतरली. फागुनात नदी आटते, मधात रेती उघडी पडते, पण रेतीच्या अलीकडं खोल हाये, अन् वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते कवा चढते याचा नेम नाई. ती रेतीवरून चालत आली अन् खोल पाण्यात पाय टाकला, कंबरेइतकं, छातीइतकं. तिले पोहता येत नाई. साऱ्या जिंदगीत माह्या डोंग्यातून फिरलेली बाई, तिले कायले पोहता येईल? मी ज्या शिव्या देल्या त्या इथी सांगता येत नाई. वल्हं मारत गेलो, दंडाले धरून आत ओढली, अन् डोंगा चांद्याकडं वळवाचा सोडून सरळ टोल्याकडं घेतला. कसा घेतला ते मलेच कळलं नाई.

"गेल्याबरोबर परत याचं," मी म्हटलं. ती म्हणे, "हव."

टोल्यात तिले पाहून सारे बाजूले झाले. बायाइनं तिचं ओलं लुगडं पिळलं. देवाच्या जागेवर पाच दगड उभे, हळद लावलेली, पुढं तांदळाची रास. मोहाचं मडकं तिथीच होतं. तिनं पानाचा द्रोण भरला अन् झिंगूच्या दगडापुढं उकिडवी बसली. एक थेंब सांडला नाई. गोंडीत बोलली, मले थोडं थोडं समजते. म्हणे, उशीर झाला, रागावू नको. मले येऊ देत नव्हते. आता पे अन् बस. वाटेवर येऊ नको, मी तिथी भेटणार नाई.

मले तिथी थांबवेना, मी पाठ फिरवली. दोस्त होता माहा.

सुकलूबाबानं मंग साऱ्याइले सांगते तसं तिलेबी सांगतलं. पुढचा मोह फुलेपर्यंत कोणीबी विचारलं की याले कोणी बसवलं, तं म्हणाचं, मी, माह्या हातानं. ज्या हातानं बसवलं त्याच तोंडानं नाई म्हटलं, तं बसलेला उठते अन् बाहेर येते. सोमारीनं जमिनीले हात लावला.

ती शब्दाची पक्की. जेवाले थांबली नाई. आम्ही निघालो. डोंगा नदीच्या मधात आला असंल नसंल, अन् मागून घाटावर मोटरसायकली. जमादार ओरडून राह्यला, डोंगा परत आण. कोणी खबर देली ते मले मालूम नाई, अन् अंदाजानं नाव घेऊन मलेबी गुप्त साक्षीदार व्हाचं नाई. मी वल्हं थांबवलं. सोमारी म्हणे, "फिरव भाऊ, तुह्यावर नको." फिरवला. तिले गाडीत घातलं, मले दम देऊन सोडलं. दुर्गा राजुऱ्याहून धावत आली अन् तिनं जमानत करून आईले सोडवलं. सोमारी पुन्हा पलीकडं, पुन्हा गिलास.

तडीपारीचा हुकूम मोडला म्हणून केस लागली. पण संघप्रिया मॅडम कागद वाचून खूश झाली. म्हणे, यांच्याकडं काहीच नाहीये. पोलिसांनी बाईला पाहिलं ते फक्त नदीत, डोंग्यात. टोल्यातल्या एकानंही जबाब दिलेला नाही. साऱ्या टोल्याच्या तोंडाले कुलूप होतं, बारक्या पोरापर्यंत. मॅडम पुढं म्हणे, नदीत हद्द कुठून जाते हे कोण सांगणार? सोमारीबाईनं एवढंच म्हणायचं की मी डोंग्यात बसले होते, गडचिरोलीच्या काठावर पाय ठेवला नाही. आणि लच्छूकाका, तुम्ही साक्षीत तेच सांगायचं. सुटतील त्या.

मी म्हटलं, सांगतो. खोटं हाये, पण सांगतो, गंगेची शपथ घेऊन सांगतो. मले काही वाटत नव्हतं त्याचं. तडीपारीचं वर्षबी सराले आलं होतं. ही एक केस सुटली की पोळ्यानंतर बाई आपल्या घरी. मी तिच्याकडून घोकून घेतलं. डोंगा काठाले लागला की मी विचारी, काय म्हणाचं? ती म्हणे, डोंग्यात बसली होती. अन् पुढं? पुढं ती साबणाचा फेस पुसत राहे. मले वाटलं, भेली हाये.

कोर्टाच्या तारखेले तेवढं तडीपारालेबी इकडं येऊ देतेत. त्या दिवशी पाऊस लागून होता. अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आली होती, दुर्गा होती, मी होतो. सोमारी व्हरांड्यात इकडून तिकडं, तिकडून इकडं. बस म्हटलं तं बसे, अन् लगेच उठे. शिपाईबी वैतागला. मलेबी बसवत नव्हतं, साक्षीचे शब्द मी ओठातल्या ओठात म्हणून राह्यलो होतो.

नाव पुकारलं. आम्ही आत मागच्या बाकावर बसलो. जजसाहेब वयस्कर, चष्मा कपाळावर. त्याइनं तिले समोर उभं केलं अन् साध्या भाषेत समजावून सांगतलं की तुमच्यावर आरोप असा असा हाये, तुम्ही बंदी असताना गडचिरोली जिल्ह्यात गेल्या होत्या. "मान्य आहे का?"

सोमारी पदर बोटाले गुंडाळत राह्यली. मॅडमनं मागून हळूच म्हटलं, बोला ना, डोंग्यात होते म्हणा.

"डोंग्यात होती," सोमारी म्हणाली. मी श्वास सोडला.

साहेब लेहता लेहता म्हणाले, "म्हणजे गडचिरोलीच्या काठावर गेला नाहीत. नवऱ्याच्या त्या विधीला तुम्ही नव्हता. बरोबर?"

सोमारीनं मान वर केली. माह्याकडं पाहिलं, मंग पोरीकडं. तिच्या हाताची बोटं लुगड्याच्या पदरात गुंतलेली होती, ती थांबली.

"होती, साहेब," ती म्हणाली. "मी गेली होती. टोल्यात गेली, देवाच्या जागेवर गेली. झिंगूले म्याच बसवलं, माह्या हातानं."

मॅडम उठून उभी राह्यली. म्हणे, सर, माझ्या अशील घाबरल्यात, त्यांना प्रश्न कळला नाही. साहेबानं पेन खाली ठेवला अन् सोमारीले विचारलं, "बाई, याचा अर्थ काय होतो तुम्हाला कळतंय का? तुम्हाला शिक्षा होईल. विचार करून सांगा. तुम्ही तिथं गेला होता?"

"गेली होती."

साहेबानं तिसऱ्यांदाबी विचारलं, खरंच विचारलं, मी त्याइले दोष देत नाई. ती तिसऱ्यांदाबी तेच बोलली. मंग त्याइले लेहणं भाग पडलं. माही साक्ष झालीच नाई.

बाहेर व्हरांड्यात दोन बाया पोलीस तिले घेऊन आल्या तवा मी तिच्यावर तुटून पडलो. माणसं पाहत होती, पाहू दे. म्हटलं, "काऊन बोलली तू? एक नाई म्हटलं असतं तं काय जीभ झडली असती? पोळा झाला की घरी आली असती तू. सारं जमून आलं होतं, साऱ्या टोल्यानं तोंड शिवून घेतलं तुह्यासाठी, मी खोटी शपथ खाले तयार झालो, अन् तू..." माह्या डोळ्याले पाणी आलं अन् मले त्याचीबी चीड आली.

सोमारीनं माह्या हाताले हात लावला.

"नाई म्हटलं असतं तं तो उठला असता ना भाऊ," ती म्हणाली. "आता दोघाइतला एक तं घरी हाये."

पोलिसाइनं तिले गाडीत बसवलं. अन्नपूर्णाबाईनं डबा खिडकीतून आत देला. गाडी गेली. मी घाटावर आलो तं पलीकडच्या काठावर पावसात चार माणसं उभी होती अन् डोंग्यासाठी माह्या नावानं हाका मारून राह्यली होती.